बॉनेटचा टेकू

नाशिक जिल्ह्यात आता गावोगाव गाड्या झाल्या आहेत. लासलगावला कांदा न्यायचा तर पिकअप लागते. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो न्यायचे तर पिकअप लागते. लग्नाला जायचे तर जीप, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे तरी जीपच. गाड्या बनवणारा कारखानासुद्धा आपल्या दारातच आहे. नाशिकला सातपूरच्या बाजूला महिंद्राच्या गाड्या बनतात. २००० साली बाजारात आलेली बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ, या दोन्ही गाड्या नाशिकात बनू लागल्या. आसपासच्या गावची कितीतरी पोरं अशा कारखान्यांत कामाला जातात.

बैल घरात आला की त्याची निगा आली. तसेच गाडीचे आहे. तेल पाहावे लागते, पाणी पाहावे लागते, बॅटरी पाहावी लागते. त्यासाठी इंजिनावरचे झाकण उघडावे लागते. या झाकणाला सगळे बॉनेट म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

बॉनेट उघडले की ते वर धरून ठेवायला टेकू हवा. कारण आपण त्याच्याखाली वाकतो. हात आत घालतो, डोके आत घालतो. त्या वेळी आपली मान त्या टेकूच्या भरवशावर असते. म्हणून हा टेकू कसा असतो, गॅसचा नवा टेकू कसा चालतो आणि तो कसा बसवावा, हे आज आम्ही सांगणार आहोत.

जुना दांडा

बहुतेक गाड्यांना बॉनेटसाठी लोखंडी दांडा असतो. त्याचे एक टोक गाडीला अडकवलेले असते. दुसरे टोक मोकळे असते. बॉनेट एका हाताने उचलायचे आणि दुसऱ्या हाताने दांडा उभा करून त्याचे टोक बॉनेटच्या खाचेत घालायचे. काम झाले.

हा दांडा वाईट नाही. त्यात बिघडण्यासारखे काही नाही. तो वर्षानुवर्षे टिकतो. पण त्याच्यात एक खोट आहे. त्याचे वरचे टोक खाचेत नुसते टेकलेले असते, बांधलेले नसते. बॉनेटचे वजन वरून दाबते, तोवर ते टोक जागेवर राहते. वजन क्षणभर जरी उचलले गेले, तरी टोक निसटते.

आता वजन उचलणार कोण? वारा. बॉनेट मागच्या बाजूला बिजागरीवर असते आणि पुढून उघडते. समोरून वारा आला की तो उघड्या बॉनेटच्या पोटात शिरतो. शिडात वारा भरावा तसा भरतो. बॉनेट जरासे वर उचलले जाते. दांडा खाचेतून सुटतो. मग वारा ओसरला की बॉनेट खाली आदळते.

कसारा घाटाचा वारा सर्वांना ठाऊक आहे. माल भरलेली गाडी चढावर तापते. गाडीवाला कडेला थांबतो, बॉनेट उघडतो आणि आत वाकतो. शेजारून मोठा ट्रक सुसाट जातो, त्याचाही वारा येतो. आता विचार करा. जीप किंवा पिकअपचे पत्र्याचे बॉनेट पंधरा-वीस किलो सहज भरते. एवढे वजन मानेवर किंवा मनगटावर आदळले तर काय होईल?

म्हणून दांडा लावताना टोक खाचेत नीट बसले का, ते हलवून पाहावे. वारा असेल तर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करू नये. घाटात पाटी लिहिलेली असते, "अति घाई संकटात नेई". ती पाटी गाडी चालवताना जशी खरी, तशीच बॉनेट उघडतानाही खरी आहे.

गॅसचा टेकू म्हणजे काय?

गॅसचा टेकू तुम्ही पाहिला असेल. मोटारीची मागची डिकी उघडली की ती आपोआप हळूहळू वर जाते आणि तिथेच थांबते. तिच्या बाजूला काळी नळी असते. नळीतून चकचकीत बारीक दांडी बाहेर येते. तोच गॅसचा टेकू. कितीतरी नव्या ट्रॅक्टरांचे बॉनेटही असाच टेकू वर धरतो. बँकेतल्या साहेबाची खुर्ची खालीवर होते, तिच्या पोटातही याच जातीची नळी असते. गॅरेजात याला कोणी गॅसचा शॉकर म्हणतात, कोणी लिफ्टर म्हणतात.

हे टेकू कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागले ते १९६२ सालापासून. जर्मनीतल्या स्टॅबिलस नावाच्या कारखान्याने ते काम सुरू केले. पुढे ते जगभर पसरले. ज्या गाडीला बॉनेटसाठी नुसता दांडा आहे, तिलाही आता असे दोन टेकू बसवून घेता येतात.

याचा मोठा गुण असा की याची दोन्ही टोके पक्की अडकवलेली असतात. म्हणून तो खाचेतून निसटत नाही. बॉनेट उचलायला जोरही कमी लागतो. एका हातात तेलाचा डबा असला तरी दुसऱ्या हाताने काम होते. बाईमाणसाला, म्हाताऱ्या माणसालाही बॉनेट उघडता येते.

आत काय असते?

सायकलचा पंप घ्या. त्याचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि मूठ खाली दाबा. मूठ थोडी खाली जाते, पण आतली हवा तिला परत वर ढकलते. हात सोडला की मूठ उसळून वर येते. कोंडलेली हवा ही स्प्रिंगसारखी असते. दाबली की ती परत पसरायला बघते.

गॅसच्या टेकूत हेच आहे. फक्त आत कोंडलेला गॅस फार जास्त दाबाचा असतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो, तेव्हा एका चौरस सेंटिमीटरवर साधारण २ किलोचा दाब असतो. टेकूत हाच दाब १०० किलोपर्यंत किंवा त्याहून जास्तही असू शकतो. म्हणजे चाकाच्या ५० पट!

नळीच्या आत एक दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक भोक असते. त्या भोकातून गॅस इकडून तिकडे जातो. म्हणून दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गॅस असतो आणि दाबही सारखाच असतो.

आता कुणी विचारील, "दोन्हीकडून दाब सारखा, तर मग दांडी बाहेर का येते?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे. दट्ट्याच्या एका बाजूला गॅसला सगळी जागा मोकळी मिळते. दुसऱ्या बाजूला मधोमध दांडी असते. दांडीने जेवढी जागा अडवली, तेवढ्या जागेवर गॅसला दाबता येत नाही. समजा, एक गाडा आहे. एका अंगाने दहा माणसे ढकलतात आणि दुसऱ्या अंगाने नऊच. गाडा कुणीकडे जाईल? नऊ माणसांकडेच सरकेल. तसाच दट्ट्या दांडीच्या बाजूला सरकतो आणि दांडी बाहेर येते.

यावरून जोराचा हिशोब निघतो. दांडी जितकी जाड आणि गॅसचा दाब जितका जास्त, तितका टेकूचा जोर जास्त. ८ मिलिमीटर जाडीची दांडी अर्धा चौरस सेंटिमीटर जागा अडवते. आत १०० किलोचा दाब असेल, तर त्याच्या निम्मा म्हणजे ५० किलोचा जोर मिळतो. बोटाएवढी दांडी धान्याचे अर्धे पोते उचलते, ते असे!

दट्ट्याच्या बारीक भोकाचे आणखी एक काम आहे. गॅसला त्यातून जायला वेळ लागतो. म्हणून दांडी एकदम उसळत नाही, सावकाश बाहेर येते. नळीत थोडे तेलही असते. ते शेवटच्या टप्प्यात दांडीचा वेग आवरते आणि बॉनेटला हिसका बसू देत नाही.

हा गॅस पेटतो का?

गॅस म्हटले की आपल्याला चुलीचा गॅस आठवतो. भीती वाटते. पण हा गॅस वेगळा आहे. याचे नाव नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेचे शंभर भाग केले, तर त्यात ७८ भाग नायट्रोजनच असतो. तो पेटत नाही. त्याने आत गंजही चढत नाही. म्हणून तोच वापरतात.

गॅस पेटत नाही, मग धोका नाही काय? आहे. धोका दाबाचा आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

जोर किती हवा?

दुकानात अनेक जोराचे टेकू मिळतात. पुष्कळांना वाटते, जास्त जोराचा घेतला की जास्त चांगला. तसे नाही.

जोर कमी पडला तर बॉनेट वर राहणार नाही. जोर जास्त झाला तर बॉनेट बंद करताना कसून दाबावे लागेल. त्यात पत्रा वाकेल, बिजागरी वाकेल. आणि सर्वांत वाईट म्हणजे बंद बॉनेटला टेकू आतून सारखा वर ढकलत राहील. सगळा ताण कुलपावर येईल. धावत्या गाडीचे बॉनेट उघडले तर वाऱ्याने ते उलटून काचेवर येते. समोरचे काही दिसत नाही. पुढे काय होते ते सांगायला नको.

म्हणून जोर मोजून ठरवावा. सर्वांत सोपा मार्ग असा. तुमच्या गाडीचे नाव, साल आणि मॉडेल सांगून त्याच गाडीसाठी बनवलेला जोड घ्यावा. बनवणाऱ्याने हिशोब आधीच केलेला असतो. पण हिशोब आपल्यालाही कळावा. तो अवघड नाही.

घराचे दार हाताच्या कडीशी धरून ढकला. सहज हलते. आता बिजागरीजवळ बोट लावून ढकला. जोर लागतो. बिजागरीच्या जितके जवळ जावे, तितका जोर जास्त लागतो. बॉनेटचेही असेच.

समजा, बॉनेट बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंत १०० सेंटिमीटर लांब आहे. पुढच्या कडेला लटकता काटा अडकवून ते नुसते उचलून धरले. काट्याने ८ किलो दाखवले. टेकू बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर बसवायचा आहे. मग हिशोब असा करा.

८ गुणिले १०० म्हणजे ८००.
८०० भागिले ४० म्हणजे २०.

म्हणजे त्या जागी सरळ वर २० किलो जोर हवा. टेकू दोन असतात. प्रत्येकाच्या वाट्याला १० किलो आले. पण टेकू तिरका असतो. त्याचा सगळा जोर वर लागत नाही, काही जोर वाया जातो. निम्माच जोर कामी येतो असे धरले, तर प्रत्येक टेकू २० किलो जोराचा हवा.

टेकूवर जोर किलोत छापलेला नसतो, न्यूटनमध्ये असतो. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो. म्हणून आपल्याला २०० न्यूटनचा टेकू लागेल. नळीवर आकडा असतो आणि पुढे इंग्रजी 'एन' अक्षर असते. तो आकडा स्वतः वाचून घ्या. दुकानदार म्हणेल, "घ्या दादा, हाच बसतो." त्याच्या बोलण्यावर न जाता आकडा पाहा. आपण वाचायला शिकलो ते याचसाठी.

हा हिशोब अंदाजाचा आहे, हेही लक्षात असू द्या. टेकू किती तिरका बसतो यावर जोर कमीजास्त होतो. शेवटची परीक्षा गाडीवर बसवूनच होते.

बसवायचा कसा?

हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतलेले उत्तम. पण मिस्त्री काय करतो ते आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे त्याची चूक आपल्या ध्यानात येईल.

पहिले काम. गाडी सपाट जागी उभी करावी. हातब्रेक लावावा. इंजिन थंड होऊ द्यावे. वारा असेल तर आडोसा पाहावा. एका माणसाने बॉनेट धरावे आणि जुना दांडाही लावलेला असावा. नुसत्या हातावर भरवसा ठेवू नये.

दुसरे काम. टेकूची टोके ज्यावर बसतात, त्या लोखंडी पट्ट्या आधी बसवाव्यात. चांगल्या जोडात या पट्ट्या गाडीच्या मूळ बोल्टांखालीच बसतात. नवी भोके पाडावी लागत नाहीत. कोणी म्हणाला, "पाडून देतो दोन भोकं," तर त्याला थांबवा. भोकाच्या कडेला गंज धरतो. बॉनेटच्या वरच्या पातळ पत्र्यात स्क्रू मारला तर तो टिकतही नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी गाडी विकणाऱ्याला विचारावे.

तिसरे काम. जागा पुरते का ते पाहावे. याला एक साधी युक्ती आहे. घरची मळलेली कणीक घ्या. लिंबाएवढा गोळा पट्टीवर ठेवा. टेकू न लावता बॉनेट हळूच खाली आणा आणि पुन्हा उघडा. गोळा किती चेपला ते पाहा. बोटभर जाड राहिला तर जागा आहे. कागदासारखा चपटा झाला तर पट्टी बॉनेटला घासणार. मग जागा बदलावी लागेल.

इथेच लांबीही मोजावी. बॉनेट बंद असताना दोन्ही टोकांच्या जागांमध्ये जे अंतर राहते, त्यापेक्षा दाबलेला टेकू लांब असता कामा नये. लांब असेल तर बॉनेट बंदच होणार नाही. जोराने आदळून बंद करायला गेलात तर पत्रा वाकेल.

चौथे काम. टेकू लावताना जाड नळी वर आणि बारीक दांडी खाली ठेवावी. पुष्कळजण इथे चुकतात. नळीतले तेल खाली उतरते. दांडी जिथून बाहेर येते तिथे रबराचे सील असते. दांडी खाली असली की तेल सीलवर राहते आणि सील ओले राहते. हातपंपाचा वायसर सुकला की पंप हवा धरत नाही, हे आपण पाहतो. तसेच हे सील सुकले की गॅस गळतो.

पाचवे काम. पट्टीवर गोल मुंडीची खिळी असते. टेकूच्या टोकाला तसाच वाटीसारखा खड्डा असतो. वाटी मुंडीवर ठेवून दाबली की 'टक्' असा आवाज होतो आणि ती बसते. मागे तारेची चिमटी असते, ती जागेवर आहे का ते पाहावे. मग टेकू ओढून पाहावा. निघाला नाही म्हणजे बसला. दोन्ही बाजूंना सारख्याच जागी लावावा. एकच टेकू लावून बॉनेट सोडू नये, ते एका अंगाला पिळते.

सहावे काम. पहिल्यांदा बॉनेट बंद करताना घाई करू नये. अगदी सावकाश खाली आणावे आणि फटीतून आत पाहावे. टेकू पाण्याच्या नळीला घासतो का? वायरीला चिमटतो का? बॅटरीच्या टोकाला लागतो का? लोखंडी टेकू बॅटरीच्या टोकाला लागला तर ठिणगी पडेल.

आता परीक्षा घ्यावी. बॉनेट निम्म्याच्या वर नेऊन हात सोडावा, पण डोके बाहेर ठेवावे. बॉनेट तिथेच राहिले किंवा हळूच वर गेले तर जोर बरोबर आहे. खाली आले तर जोर कमी आहे. बंद केल्यावर बॉनेटच्या कडेची फट चारी बाजूंनी पूर्वीसारखीच असावी. कुठे पत्रा फुगलेला दिसला तर जोर जास्त आहे.

बंद स्थितीत टेकू जवळजवळ आडवा झोपलेला असावा. आडवा असला की त्याचा जोर बिजागरीच्या दिशेने जातो, वर जात नाही. मग कुलपावर ताण येत नाही. बॉनेट उघडत जाते तसा टेकू उभा होत जातो आणि वजन पेलू लागतो. चांगल्या बसवलेल्या टेकूची ही खूण आहे.

आठवड्याने सर्व बोल्ट पुन्हा पान्याने तपासावेत. आपल्या रस्त्यांवर गाडी हादरते आणि बोल्ट सैल होतात.

थंडीत टेकू का बसतो?

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे कधी असे होते की उन्हाळ्यात छान उभे राहणारे बॉनेट हळूहळू खाली येऊ लागते. टेकू बिघडला काय?

दरवेळी तसे नसते. गॅस तापला की दाब वाढतो, थंड झाला की दाब कमी होतो. टेकू ३५ अंश उष्णतेवरून ५ अंशांवर आला, तर त्याचा जोर सुमारे दहावा भाग कमी होतो. २० किलोचा जोर १८ किलोवर येतो. नव्या टेकूला हे जाणवत नाही. पण टेकू जुना असेल, आधीच थोडा गॅस गळलेला असेल, तर एवढी घट त्याला बसवते.

म्हणून टेकूची परीक्षा मे महिन्यात दुपारी घेऊ नये. पौषातल्या पहाटे घ्यावी. त्या वेळी जो उभा राहिला, तो बाराही महिने उभा राहील.

म्हातारा टेकू कसा ओळखावा?

टेकू दांड्यासारखा जन्मभर टिकत नाही. काही वर्षांनी सील झिजते आणि गॅस हळूहळू गळतो. तो एकदम दगा देत नाही, आधी खुणा दाखवतो. बॉनेट पूर्वीइतके वर जात नाही. हात सोडला की थोडे खाली येते. चकचकीत दांडीवर तेलाचा ओघळ दिसतो. यातली एकही खूण दिसली की त्या दिवसापासून जुना दांडा लावल्याशिवाय बॉनेटखाली वाकू नये.

टेकू बदलताना दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना असे ठेवले तर एक जोर करतो आणि दुसरा करत नाही. बॉनेट पिळते. म्हाताऱ्या बैलाला तरण्या बैलाबरोबर जुंपले तर नांगर सरळ चालेल का? तसेच हे.

आणि एक सांगणे. गॅसचा टेकू बसवला म्हणून जुना दांडा भंगारात देऊ नका. तो गाडीतच राहू द्या. गडी म्हातारा झाला की तोच कामाला येतो.

हे कधीही करू नका

आता धोक्याविषयी. नळीत केवढा दाब कोंडलेला आहे ते आपण पाहिले. तो दाब टेकू म्हातारा झाला तरी पुष्कळसा आत असतो. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

टेकू करवतीने कापू नये. त्याला भोक पाडू नये. आतली दांडी उडून बाणासारखी लागते.

टेकूजवळ वेल्डिंग करू नये. वेल्डिंग करायचे असेल तर टेकू आधी काढून ठेवावा.

टेकू आगीत टाकू नये. कचऱ्याबरोबर पेटवू नये. तापला की आतला दाब वाढतो आणि नळी फुटते.

चकचकीत दांडीला पक्कड लावू नये. बॉनेट खाली येते म्हणून काहीजण दांडीवर पक्कड आवळून ठेवतात. दांडीवर ओरखडा पडतो. तो ओरखडा सील कापतो आणि गॅस गळतो. दांडीला रंगही लावू नये.

जुना टेकू पोरांच्या हाती खेळायला देऊ नये. ज्या गॅरेजात नवा बसवला, तिथेच जुना परत द्यावा आणि आत गॅस आहे हे सांगावे.

ही सूचना नळीवरही छापलेली असते. उघडू नका, तापवू नका, असे लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी ती इंग्रजीत असते, पण शेजारी चित्र असते. ज्वाळेवर काट मारलेली असते. ते चित्र घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.

प्रत्येकाने बसवावा काय?

तसे आम्ही म्हणत नाही. जो महिन्यातून एकदा बॉनेट उघडतो, त्याला जुना दांडा पुरेसा आहे. त्याने दांडा नीट लावावा, एवढेच. पण ज्याची गाडी रोज भाड्याने धावते, जो रोज सकाळी तेलपाणी पाहतो, ज्याला घाटात, वाऱ्यात, अंधारात बॉनेट उघडावे लागते, त्याला गॅसचा टेकू उपयोगी आहे.

बसवायचा तर योग्य जोराचा बसवा. दांडी खाली ठेवून बसवा. थंडीत त्याची परीक्षा घ्या. खूण दिसताच बदला. टेकू दांड्याचा असो की गॅसचा, आत वाकण्याआधी एकदा बॉनेट हाताने हलवून पाहा. त्याला एक पळ लागतो. मान मात्र एकच आहे.

प्रश्न

१. वारा आला की जुना दांडा खाचेतून का निसटतो?
२. टेकूत कोणता गॅस असतो? तो पेटतो का?
३. जास्त जोराचा टेकू बसवला तर काय नुकसान होते?
४. बारीक दांडी खाली का ठेवावी?
५. एका बॉनेटच्या पुढच्या कडेला काटा ६ किलो दाखवतो. बॉनेट १०० सेंटिमीटर लांब आहे. टेकू बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर बसवायचा आहे. त्या जागी सरळ वर किती किलो जोर हवा?
६. तुमच्या गावात कुणाच्या गाडीला किंवा ट्रॅक्टरला गॅसचा टेकू आहे का? त्यावरचा आकडा वाचा आणि वहीत लिहा.